ताकदीचा दगड

१

दगडाला रक्त फुटलंय, असंच आधी जळबाला वाटलं.

त्यानं झटकन आपला अंगठा पाहिला. कापलं नव्हतं, खरचटलंही नव्हतं. नेहमीचाच अंगठा, तंबाखू मळून मळून चुन्यानं पांढरा पडलेला. पण त्याच अंगठ्याचा ठसा दगडावर मात्र लालभडक उठला होता.

"काय झालं हो, जळबामामा?" बालाजी सरांनी दारातूनच विचारलं. सर भूशास्त्राचे विभागप्रमुख खरे, पण त्या कपाटापासून कायम दहा हात लांब.

जळबा खिल्लारेनं हिंगोलीच्या त्या कॉलेजात चौतीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली होती. पद परिचराचं. पण प्राध्यापक आले नि गेले, दगड ओळखावा तर जळबानंच, असं सगळे म्हणत. फेब्रुवारीअखेर तो निवृत्त झाला आणि मे महिन्यात सरांनी त्याला निरोप धाडला. कारण कपाटातला तो एक दगड परवा मुंबईला पाठवायचा होता आणि त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं.

दगडाचं नाव ऑट्यूनाइट. युरेनियम पोटात बाळगणारं दुर्मीळ खनिज. लिंबाएवढा तुकडा, पिवळसर हिरवा, अभ्रकासारखा पापुद्र्यापापुद्र्यांचा, नखानंही ओरखडा उठेल इतका मऊ. शिशाच्या डबीत राहायचा. अतिनील किरणांचा जांभळा दिवा दाखवला की असा हिरवा पेटायचा की बघणाऱ्याची बोबडी वळावी. दर वर्षी नवी मुलं आली की जळबा खोलीत अंधार करून हा खेळ दाखवायचा आणि बोलायचाही ठरलेलं: "पोरांनो, शंभर वर्षांमागं परदेशातले शेठ लोक असल्या दगडातून काढलेलं औषध पाण्यात घालून प्यायचे. ताकद येती म्हणून!" इथं तो थांबायचा, पोरांचे डोळे मोठे होऊ द्यायचा, आणि मग पुढचं सांगायचा. निरोप समारंभात तर त्यानं हा दगड स्टेजवर नेला होता. पण तिथं बोलणं अर्ध्यावर असतानाच शाल-श्रीफळाचं ताट आलं आणि टाळ्या सुरू झाल्या.

चौतीस वर्षांत त्यानं दगड नुसत्या हातानं उचलला नव्हता. आज हातमोजे उंदरांनी खाल्लेले निघाले. एक दिवसानं काय मरतोय, म्हणत त्यानं हात घातला, आणि हे असं झालं.

सरांनी लांबूनच बटण दाबून जांभळा दिवा लावला. दगड हिरवट पिवळा चमकला. "चमकतोय की! झालं तर मग!" सरांचा जीव भांड्यात पडला.

"सर, अंगठ्याच्या जागी बघा. तिथं काळोख हाय." जळबानं खिशातल्या डबीतला चुना बोटावर घेऊन दगडाला आणखी एक टिपका लावला. तोही लाल झाला. "हळदीला चुना लागला की कुंकू व्हतंय, हे शाळेतल्या पोरीलाबी ठावं हाय. ह्या दगडाला हळद चोपडलीय. हळदबी ह्या दिव्याखाली अशीच चमकती."

"मग आपला दगड?"

"गेला. डबी ठिवली, दगड नेला."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला आणि मग रागानं तांबडा झाला. "चौतीस वर्षं चावी तुमच्याकडे होती, मामा. उद्या संध्याकाळपर्यंत दगड नाही मिळाला, तर पोलिसांना मी तुमचंच नाव सांगणार. मला इलाज नाही."

जळबाला स्वतःच्या नावाची धास्ती वाटलीच, नाही असं नाही. पण त्याहून मोठी धास्ती वेगळीच होती. त्या दगडाच्या अंगात पाणी मुरलेलं असतं. कोरड्या हवेत ते उडालं की दगडाचं पीठ होतं. म्हणून तर तो डबीशेजारी पाण्याची वाटी ठेवायचा. कपाटात बसलेला दगड फारसं कुणाचं वाकडं करत नाही. पण पीठ होऊन पोटात गेला, की माणसाचे गुर्दे खातो.

बाहेर उन्हाचा कहर होता, आणि तो दगड कुणाच्या तरी घरात होता.

२

चाव्या तीन. एक बालाजी सरांकडे, दुसरी आकांक्षा मॅडमकडे, आणि जळबाची तिसरी निवृत्तीच्या दिवशी ऑफिसात जमा झालेली. कुलूप फुटलं नव्हतं. म्हणजे चोर तिघांतलाच.

आकांक्षा तीन वर्षांपूर्वी नोकरीला लागलेली तरुण प्राध्यापिका. जळबानं खोटा दगड तिच्या टेबलावर ठेवला तशी ती खुर्चीसकट मागे सरकली.

"भिऊ नका ताई, हा आपला गरीब दगड हाय. खरा न्हाई."

मग तिनं भिंग घेतलं. दगड उलटा केला आणि हसलीच. "काका, हे तर स्टिल्बाइट! आपल्याच मातीतलं. ही पाठ बघा, काळा पाषाण. ऑट्यूनाइट ग्रॅनाइटच्या मुलखातलं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात ते शोधून सापडणार नाही."

"ते मीबी वळखलं. पण असले तुमच्या खणात पन्नास हायेत." जळबानं मुद्दाम डोळे बारीक केले.

आकांक्षा चिडली. खण ओढून तिनं समोर ठेवला. एकेक तुकडा धुतलेला, पांढऱ्या रंगाच्या टिपक्यावर नंबर घातलेला. एकही जागा रिकामी नव्हती. मग पर्समधून एक पाकीट काढलं. कॉलेजचा शिक्का, वर डिंक तसाच चिकटलेला. आत चावी. "मार्चमध्ये दिली तशीच आहे. उघडलं पण नाही. खरं सांगू का काका, त्या कपाटाच्या बाजूला बसावं लागतं म्हणून मी टेबलसुद्धा हलवलं."

जळबाला हसू आलं. तेवढ्यात भिंगाखाली तिला काही दिसलं. काळ्या पाठीवर बोटभर लांब, अर्धगोल, गुळगुळीत खाच होती.

"ही ड्रिलची आहे. सुरुंगासाठी भोक पाडतात ना, त्याची अर्धी बाजू. आणि कडा अगदी ताज्या आहेत."

"बालाजी सरांच्या नव्या घरी महिन्यामागं बोअर घेतलं व्हतं," जळबा पुटपुटला. मग आपणच मान हलवली. बोअरमधून भुगा निघतो. असा सुरुंगाचा दगड निघायला वेगळं खोदकाम लागतं.

३

तिसरी चावी किसनरावांच्या खुर्चीमागे खिळ्याला लटकत होती.

किसनराव कॉलेजचे ऑफिस अधीक्षक. साखरा गावचे मोठे शेतकरी, वीस एकर हळद. नोकरी नसती तरी चाललं असतं, पण खुर्ची कुणाला नकोशी होते? जळबाला पाहून ते चक्क उठून उभे राहिले.

"ये जळबा, ये! बैस. पेढा घे. विहिरीला पाणी लागलं आमच्या. पंचेचाळीस फुटांवर!"

जळबानं पेढा घेतला. किसनरावांच्या पापण्या सुजल्यासारख्या वाटत होत्या. "झोप न्हाई का?"

"हळदीचं पॉलिश चालू हाय. धूळ जाती डोळ्यात." त्यांनी टेबलावरचा नोटा तपासायचा जांभळा दिवा सहज लावला आणि स्वतःचा हात खाली धरला. तळवा हिरवट पिवळा चमकला. "बघ, अंगात मुरलीय. परीक्षा फीच्या नोटाबी अशाच चमकत्यात. अर्ध्या नोटांना हळदीचीच बोटं!"

"कपाटातला दगड गेला, किसनराव."

दिवा विझला. "कोणता दगड?" त्यांनी लगेच विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पुढं बोलले, "अरे, चावी हितंच हाय. दिवसभर शंभर माणूस येतंय. मी काय राखत बसू?"

"घरी सगळं बरं?"

किसनरावांचा आवाज मऊ झाला. "सून पोटुशी हाय, सातवा महिना. राजनंदिनी. आधीची दोन लेकरं पोटातच गेली, तुला ठावंच हाय. ह्या बारीला मी काही कमी पडू दिलं न्हाई. ह्या बारीला व्हनार जळबा, बराबर व्हनार!" बोलता बोलता त्यांनी पिशवीतली स्टीलची बाटली काढली, ग्लास भरला आणि जळबापुढं सरकवला. "घे. घरचं पाणी हाय."

जळबा क्षणभर ग्लासाकडं बघतच राहिला. चौतीस वर्षं. किसनरावांनी चहा पाजला होता, पण कँटीनचा. लग्नाकार्याला बोलावलं होतं, पंगत मात्र मांडवाच्या कडेला. त्या बाटलीतलं पाणी कधी त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. जळबाच्या बापाला साखऱ्यात वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घ्यावं लागायचं. आणि आज किसनराव आपल्या हातानं ग्लास भरून देत होते.

त्याला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. त्यानं अर्धा ग्लास घटाघटा पिऊन टाकला.

४

जीपच्या स्टँडवर लिंबाखाली बसून जळबा तंबाखू मळत होता, आणि डोक्यात एकेक गोष्ट मळत होता.

विकायला दगड नेणारा डबीसकट नेतो. घाबरणारा तर डबीशिवाय हातच लावत नाही. बालाजी सर आणि आकांक्षाताई दोघंही त्यातले. चोरानं डबी ठेवली. म्हणजे चोराला त्या दगडाचं भ्या वाटत नव्हतं.

काहून वाटत नव्हतं?

दुसरं. हळद दिव्याखाली चमकते हे पुस्तकातून कळेल, नाहीतर रोज नोटांवर बघून. तिसरं, सुरुंगाची खाच. पंचेचाळीस फूट विहीर काय कुदळीनं खोदली? साखऱ्याच्या त्या विहिरीचा मलबा बांधावर पडलेला असणार, आणि त्यात स्टिल्बाइटचे शंभर तुकडे असणार.

किसनराव. पण एवढ्या बारा भानगडी करून वीस एकरवाल्याला दगड कशाला?

जळबानं तंबाखू तोंडात टाकली नाही. हात तसाच राहिला. त्याला निरोपाचा तो दिवस आठवला. स्टेजवर अंधार, हातात चिमटा, हिरवा पेटलेला दगड, आणि माईकवरून त्याचा स्वतःचाच आवाज: "...पाण्यात घालून प्यायचे. ताकद येती म्हणून!" तेवढ्यात शाल-श्रीफळाचं ताट पुढं आलं होतं. ताट धरणारा माणूस पहिल्या रांगेतून उठला होता. किसनराव!

पुढचं बोलायचं राहूनच गेलं होतं.

चौतीस वर्षांत न सरकलेला पाण्याचा ग्लास आज का सरकला, ते जळबाला आता कळलं. हातातली तंबाखू त्यानं टाकून दिली. तो उठला आणि साठीच्या पायांनी कॉलेजकडं पळत सुटला.

ऑफिसात किसनरावांची खुर्ची रिकामी होती. "साहेब आत्ताच गेले," शिपाई म्हणाला. "घरून फोन आला. सुनंचे पाय लै सुजले म्हने. चक्कर येऊन राहिली."

जळबानं फोन लावला. रिंग वाजत राहिली. किसनराव मोटारसायकलवर असणार.

५

भाड्याची जीप, पुढं जळबा, मागे आकांक्षा, तिच्या मांडीवर शिशाची डबी, हातमोजे आणि छोटा जांभळा दिवा. वाटेतलं गोरेगावही मागं पडलं.

साखऱ्यात किसनरावांच्या अंगणात हळद पॉलिश करायचा ढोल गरगरत होता. पिवळी धूळ दारावर, खाटेवर, शेळीच्या पाठीवरसुद्धा. ओसरीत राजनंदिनी भिंतीला टेकून बसली होती. पाय असे सुजलेले की जोडवी रुतली होती. सासू आशाबाई पदरानं तिला वारा घालत होत्या.

"दगड कुठं हाय, किसनराव?" जळबानं उभ्याउभ्याच विचारलं.

"पुन्हा तेच? माझी सून हितं अशी, आन् तू दगड घेऊन आला?" किसनराव अंगावर आले. आकांक्षाच्या हातातला दिवा पाहून मात्र हसले. "लाव, दिवा लाव! हळदवाल्याच्या घरात चमकायचं काय कमी हाय? जे चमकंल ते घेऊन जा."

जळबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थबकला. त्या उंबऱ्याच्या आत तो कधी गेला नव्हता. आशाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं.

"या काका आत," राजनंदिनी ओसरीतूनच क्षीण आवाजात म्हणाली.

आकांक्षानं खिडकी लावली, दिवा पेटवला. आणि खरंच, सारं घर पेटलं. डब्यांची झाकणं, चौकट, पोळपाट, आशाबाईंची बोटं, सगळं हिरवट पिवळं. आकांक्षाचा धीर सुटला. "काका, यात कसं शोधायचं?"

जळबानं चुन्याची डबी काढली. बोट बुडवलं आणि चौकटीला लावलं. लाल. डब्याला लावलं. लाल. पोळपाट, भिंत, फडताळ. लाल, लाल, लाल. जिथं बोट टेकलं तिथं कुंकू. किसनरावांचं हसू हळूहळू मावळत गेलं, कारण जळबा आता कोपऱ्यातल्या तिवईकडं सरकत होता.

तिवईवर माठ होता. माठाच्या ओठाला चमकणारी एक कड होती. पाणी काढायच्या ओगराळ्याच्या बुडाला चमकणारे बारीक पापुद्रे चिकटले होते. जळबानं त्यांना चुना लावला.

लाल झालं नाही.

त्यानं पुन्हा लावला. पांढरा तो पांढराच.

"ही हळद न्हाई, किसनराव," जळबा म्हणाला. आकांक्षानं हातमोजे चढवून माठातून नव्या फडक्याची एक पुरचुंडी वर काढली. आत दगड होता, पण लिंबाएवढा राहिला नव्हता. आधी उन्हानं भुसभुशीत झालेला तो निम्मा पाण्यात गळून फडक्यात पीठ झाला होता.

"ताकदीचा हाय तो!" किसनराव ओरडले. "तूच तर म्हनला व्हता! सगळ्या कॉलेजासमोर! शेठ लोक प्यायचे म्हनला व्हता!"

"व्हय. म्हनलो व्हतो. आन् पुढं त्यांचं काय झालं ते सांगायच्या आत तुमी शाल घेऊन आले. मेले ते, किसनराव. हाडं सडून मेले. पुढचं वाक्य ते व्हतं."

ओसरीत भांडं पडल्याचा आवाज झाला. राजनंदिनीच्या हातातला तांब्या सुटला होता. पाणी फरशीवरून उंबऱ्याकडं वाहत आलं, आणि घरातलं एकही माणूस त्याला ओलांडायला धजेना.

किसनराव मटकन खाली बसले. "दोन महिने," ते पुटपुटले. "रोज सकाळी मीच ग्लास भरून देतो तिला. तिनं नको म्हनलं तरी." मग त्यांना काहीतरी आठवलं आणि त्यांनी जळबाकडं असं पाहिलं, की जळबाच्यानं ते बघवेना. "तुलाबी पाजलं मी सकाळी. तुझ्यामुळं मिळालं म्हनून. तुझा हिस्सा म्हनून."

"ठावं हाय," जळबा म्हणाला. "उठा. जीप उभी हाय."

६

हिंगोलीच्या दवाखान्यात दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले. किसनराव, आशाबाई आणि जळबा यांचं रक्त-लघवी तपासायला गेलं होतं. राजनंदिनीच्या गुर्द्यांना मार बसलाय, पण वेळेत आणलंत, असं ते म्हणाले. नांदेडला हलवावं लागेल. बाळाचे ठोके लागतायत.

"पन बाळ?" आशाबाईंनी विचारलं.

"ठोके लागतायत," डॉक्टर पुन्हा तेवढंच म्हणाले. "आणि तिला घोट घोट पाणी पाजा. दुपारपासून तोंड मिटून बसलीय."

बालाजी सरांचे तीन फोन येऊन गेले होते. दगड मिळाला, एवढं आकांक्षानं कळवलं होतं. जळबाचं नाव आता पोलिसांत जाणार नव्हतं, पण ते ऐकून त्याला काहीच वाटलं नाही. चोर सापडला होता, आणि चोराच्या तोंडी वाक्य जळबाचं होतं. चौतीस वर्षं पोरांचे डोळे मोठे व्हावेत म्हणून तो त्या वाक्यावर थांबत आला होता.

तो आत गेला. राजनंदिनी कुशीवर पडली होती, हात पोटावर. किसनराव पाण्याचा ग्लास घेऊन खाटेशी उभे होते.

"नको मामंजी," ती म्हणाली. "तुमच्या हातचं नको." ती ओरडली नाही, रडलीही नाही. किसनरावांनी ग्लास टेबलावर ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं.

"पोरी, दवाखान्याच्या नळाचं हाय," जळबा म्हणाला.

"कशावरून, काका?"

ह्या पोरीपुढं त्याच्या शब्दाला आता काय किंमत होती? त्यानं ग्लास उचलला, तोंडाला लावून अर्धा पिऊन दाखवला आणि मिशा पुसल्या. मग तो दुसरा ग्लास आणायला वळला.

"द्या तोच," राजनंदिनी म्हणाली.

"उष्टा हाय."

"म्हणूनच द्या."

आशाबाई दारात उभ्या होत्या. किसनरावांनी मान वळवून पाहिलं. राजनंदिनीनं दोन्ही हातांनी ग्लास धरला, डोळे मिटले आणि जळबाचं उष्टं पाणी घोट घोट पीत राहिली. जळबा मात्र तिच्या पोटावरच्या पदराकडं पाहत होता. पदर हलतोय का, एवढंच त्याला बघायचं होतं.